डोळा असलेला तुकडा

पदरात पडून पडणार काय होतं, तर हातभर लांबीचं, चिखलाने माखलेलं, कुजक्या वासाचं एक कंदमूळ. त्यातलंही अर्धंच. कुणी फुकट दिलं तरी पिशवी खराब होईल म्हणून नको म्हणावं, असलं. तरीही ताईचा फोन आल्यापासून धाकटीच्या छातीत काहीतरी उड्या मारायला लागलं होतं. ती उभी होती एका जळालेल्या गोदामात, राखेत, आणि शेजारी गोदामाचा मालक डोळे पुसत सांगत होता की सगळे गालिचे भारीतलेच होते. धाकटी विमा कंपनीची नुकसान तपासणारी बाई. कुठे आग लागली, छत कोसळलं, तळघरात पाणी शिरलं, की कंपनी हिला धाडायची. गेलं किती, उरलं किती, आणि गेलं म्हणून जे सांगतायत ते मुळात होतं का, एवढं बघून यायचं. एरवी अशा मालकाची उलटतपासणी करताना तिला जेवणाची शुद्ध राहत नसे. त्या दिवशी ती त्याला म्हणाली, "हो हो, भारीतलेच असणार," आणि मालक इतका दचकला की त्याचे डोळे कोरडे पडले.

ताई फोनवर एवढंच म्हणाली होती, "घर घेणारे रविवारी तळं बुजवणार आहेत. तिथे त्यांना गाडी लावायचीय. आईचं कमळ हवं असेल तर शनिवारी ये. अर्धं तुझं." आणि मग, जरा थांबून, "हवंय ना?" घराची वाटणी रीतसर झाली होती. कपाटं, भांडी, पडदे, आईची शिवणाची मशीन, सगळ्याचं दोघींच्या सह्यांनिशी इकडे तिकडे झालं होतं. तळ्यातलं पाणकमळ तेवढं राहून गेलं होतं, कारण ज्या वकिलाने यादी केली त्याला पाण्याखाली बघायची सवय नव्हती. आई गेल्यापासून दोघी बहिणी एकमेकींशी बँकेतल्या खिडकीशी बोलावं तशा बोलत. भांडण नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. ताईने आईची शेवटची वर्षं त्या घरात राहून काढली होती. धाकटी सुट्टीच्या दिवशी यायची, फळं आणायची, आईच्या उशाशी बसून चोरून घड्याळ बघायची. ते चोरणं ताईला दिसायचं. ताईला दिसतंय हेही धाकटीला दिसायचं. या दिसण्यावर दोघींनी कधी सह्या केल्या नाहीत, एवढंच.

आणि आता 'अर्धं तुझं' म्हटल्याबरोबर धाकटीला आईचा नियम आठवला. आठवला कसला, हाताच्या बोटांतच तो उठून बसला. एकीने कापायचं, दुसरीने आधी उचलायचं. केक असो, रिबीन असो, खिडकीतली बसायची जागा असो. उचलायचा मान थोरलीचा, म्हणून कापायचं काम कायम धाकटीच्या गळ्यात. केकवर सुरी धरून ती श्वास रोखून उभी राहायची. एक केसभर इकडे सरकली तर जास्तीचा केसभर ताईच्या तोंडात जाणार. ताई पलीकडे टेबलावर हनुवटी टेकून बसायची आणि म्हणायची, "घाई नाही हं. उद्यापर्यंत काप." मग एका नजरेत मोठा तुकडा उचलायची. दोन तुकडे सारखे असूनही ताईने उचलला की तोच मोठा दिसायला लागायचा. पुढे आयुष्यभर धाकटीची जी नजर कंपनीला उपयोगी पडली ती त्या टेबलावर तयार झालेली. जळक्या ढिगाकडे बघून ती किती ते सांगायची आणि वजनकाटा मागाहून तिच्या बाजूने साक्ष द्यायचा.

शनिवारपर्यंत तिने ऑफिसात दुसरं काही केलं नाही. पाणकमळ कसं वाढतं ते वाचत बसली. जेवढं वाचलं तेवढं तिला गुदगुल्या झाल्यासारखं होत गेलं. हा कंद उभा वाढत नाही, आडवा चालतो. मातीतून एकाच दिशेने, गोगलगायीला लाजवेल अशा चालीने, पुढे पुढे. पुढच्या टोकाला डोळा असतो, बटाट्याला असतो तसा. पानं, फुलं, जे काही व्हायचं ते तिथून. मागे जे जाडजूड, मनगटाएवढं खोड दिसतं ते नुसतं मागचं. चालून झालेलं. त्याला पुन्हा फुटवा येतो कधीमधी, पण बहुतेक ते बसल्या जागी कुजतं. शहाणा माळी डोळ्याचा तुकडा ठेवतो आणि खोड फेकून देतो. धाकटीने खुर्चीत मागे रेलून छताकडे बघितलं. ताईला मोठं आवडतं. मान थोरलीचा. कापणार मी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दोन तुकडे सारखे कापायची गरजच नव्हती! एकीकडे भलं थोरलं खोड, मुळांच्या दाढीमिशांसकट. दुसरीकडे वीतभर नाक. उचल ताई, घाई नाही. तिला मोठ्याने हसू आलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "बाई, बढती झाली का?"

ती पोचली तेव्हा ताई भावजींचा जुना शर्ट घालून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तळ्यात उभीच होती. भावजी काठावर. भावजी कोणत्याही कामात काठावर असत आणि तिथून ते काम कसं करावं हे त्यांना फार चांगलं कळे. "आधी पाणी उपसा," ते म्हणाले. "अहो, तुम्ही आत जाऊन खोकी बांधा," ताई म्हणाली. "खोकी बांधून झाली." "मग सोडा आणि परत बांधा." भावजी गेले. धाकटीने बूट काढले आणि पाय पाण्यात घातला. थंडी अशी सरळ मांडीपर्यंत चढली की तिच्या तोंडून बारीकशी किंकाळी निघाली. तळाचा गाळ बोटांच्या मधून वर आला, गुळगुळीत, दाट, आणि त्याने पाऊल धरून ठेवलं, जिभेने चोखल्यासारखं. हवेत तो वास सुटला. सडकी पानं, लोखंड आणि काहीतरी हिरवं. हा वास एकेकाळी आईच्या बाह्यांना यायचा. आई अशीच इथे वाकायची, खांद्यापर्यंत हात पाण्यात, आणि तोंड मात्र वर आभाळाकडे, कपाटाखाली गेलेलं बटण शोधावं तसं. डोळे मिटलेले. तळाशी काय चाललंय ते तिला बोटांनी दिसायचं. धाकटी बाळपणी काठावर बसून त्या चेहऱ्याकडे बघायची. या वेळी आईला काही विचारलं तर ती 'हं' म्हणते हे तिला ठाऊक होतं. कित्येक परवानग्या तिने तशाच मिळवल्या होत्या.

"ओढ!" ताई म्हणाली. कमळाने आपली टोपली कधीच फोडली होती. जाळीतून मुळं बाहेर पडून तळाला घट्ट बसली होती आणि गेली दोन वर्षं फूल नव्हतं. नुसती पानं, एकमेकांच्या डोक्यावर चढून पाण्याबाहेर आलेली. दोघींनी दोन्हीकडून टोपली धरली. "एक, दोन." "तीनवर की तीननंतर?" "अगं धाकटे, ओढ म्हटलं की ओढायचं!" आणि मग एकदम तळ सुटला, टोपली वर आली आणि ताई धप्पकन पाण्यात बसली, छातीपर्यंत. तिच्या डोक्यावर एक मोठं पान होतं. धाकटीला हसू फुटलं. ते थांबेचना. ताईही हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत, आई हसायची तशी; आणि धाकटीला एकाच वेळी इतका आनंद झाला आणि इतकं लुच्चेपण सुचत राहिलं की आपल्या अंगात दोन बायका आहेत आणि दोघी मजेत आहेत असं तिला वाटलं.

काठावर धुतलं तेव्हा तो कंद उघडा झाला. काळाकरडा, खवल्याखवल्यांचा, एखादं जुनं जनावर निजावं तसा. धाकटीने एका नजरेत डोळा हेरला. टोकाशी, कोवळ्या तांबूस पानांची जुडी. तिने ब्रेड कापायच्या सुरीकडे हात नेला. तेवढ्यात ताईने सुरी उचलली.

"या वेळी मी कापते."

"तू?"

"जन्मभर तूच कापत आलीस. मला एकदाही मिळालं नाही. मी नुसती बसून बघायची." ताईने ओल्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. "तुला वाटायचं मी मजा करतेय. मला ती सुरी हवी असायची."

धाकटीने पुढे केलेला हात मागे घेतला. गेलं सगळं. नेम धरून ठेवला आणि पाखरूच उडालं. आणि मग, त्याच श्वासात, तिच्या लक्षात आलं की ताईला कापता येत नाही. कधी कापलंच नव्हतं तर येणार कुठून? उचलणाऱ्याचा हात वेगळा, कापणाऱ्याचा वेगळा. ताईने मध्य शोधायला म्हणून कंदावरून सुरी दोनदा फिरवली, जिथे मान बारीक होती तिथे तिला सोपं वाटलं आणि तिथेच तिने जोर दिला. खच्च. एका बाजूला मनगटाएवढं लांबलचक खोड, मुळांच्या दाढीसकट. दुसऱ्या बाजूला वीतभर नाक. नाकावर डोळा. धाकटीने दोन दिवस बसून आखलेला काप ताईने न वाचता, न मोजता, हुबेहूब मारून दिला होता.

"अगंबाई," ताई म्हणाली. तिचा चेहरा पडला. "फारच लहानमोठं झालं का गं? मला जमलंच नाही. जाऊ दे, तुझा मान आहे, तू मोठा घे."

आता बोलायचं होतं. धाकटीच्या जिभेवर ते आलंही होतं. 'ताई, अगं मोठ्याला डोळा नाही.' एवढंच वाक्य. पण त्या क्षणी तिच्या अंगात जी लाट उठली तिने ते वाक्य उचललं आणि कुठल्या कुठे नेऊन टाकलं. फासा असा पडतो का कुणाच्या हातून? कमळही मिळतंय आणि वर चांगुलपणाही! तिने हात पुढे केला आणि लहान तुकडा उचलला. "असू दे ताई. मला हाच पुरे."

चिखलाच्या हातांनीच ताईने धाकटीचं तोंड धरलं, गाल दाबले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग घराकडे तोंड करून ओरडली, "अहो! ऐकलंत का? हिने लहान घेतला!" भावजी दोरी हातात घेऊन बाहेर आले. "कोणी? धाकटीने?" "मग काय शेजारणीने? मी कापलं, वाकडं कापलं, आणि हिने आपणहून लहान घेतला!" भावजींनी धाकटीकडे असं बघितलं की जणू तळ्यातून ती नवीनच निघाली होती.

ही बातमी रात्रीच्या आत मावशीकडे पोचली. मावशीकडे पोचली म्हणजे सगळीकडे. दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. मावशी म्हणाली, "मी तुझ्याविषयी काय काय बोलले असेन ते सगळं मागे घेते." काय काय बोलली होती ते मात्र तिने सांगितलं नाही, आणि धाकटी ते अंदाजत राहिली. मामेबहीण म्हणाली, "तुझ्यात एवढा बदल कशाने झाला?" नवरा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तू लहान तुकडा घेतलास? तापबीप आहे का?" आणि खरोखर कपाळाला हात लावून बघितला. त्या घरात तिला ओळखणारा तेवढा एकच माणूस, आणि तो फक्त हसला.

मागच्या अंगणात तिने टब पुरला. त्यातल्या टोपलीत चिकणमाती भरली, कुंडीची भुसभुशीत माती नाही, ती वर तरंगते. तुकडा तिरपा ठेवला, कापलेली बाजू टोपलीच्या कडेला, डोळा मधल्या रिकाम्या जागेकडे, पुढे चालायला वाट हवी म्हणून. डोळा मातीच्या वर, गाडला तर कुजतो. वरून बारीक खडी. टोपली विटांवर ठेवली आणि देठं वाढतील तशी एकेक वीट काढत खाली नेली. ती रोज उठून आधी टबाकडे जाई. एक पान पेन्सिलीसारखं गुंडाळून वर आलं आणि दुपारपर्यंत पाण्यावर सपाट झालं, बशीएवढं, तांबूस. तेव्हा तिने ऑफिसात कुणाचा तरी पूर्ण दावा मंजूर करून टाकला. मग दुसरं पान. मग पानांच्या मधून एक जाडसर टोक, पानाचं नव्हे, मुठीसारखं मिटलेलं. कळी. तिला ओरडून कुणाला तरी सांगायचं होतं. कळी बघून ती कोणाची ते ओळखेल असं माणूस जगात एकच उरलं होतं आणि नेमकं त्यालाच सांगायची सोय नव्हती.

कारण ताईचा रोज सकाळी फोन. इतक्या वर्षांत झालं नव्हतं इतकं दोघी आता बोलत होत्या. ताई पायऱ्या उतरल्यावर छोटंसं अंगण असलेल्या घरात राहायला गेली होती, तिथे तिनेही टब ठेवला होता. "पान आलं का गं तुझ्याला?" "नाही गं." "माझ्यालाही नाही. पण माझं मोठं आहे, वेळ लागत असेल." धाकटी कळीकडे बघत म्हणायची, "हो, लागतो मोठ्याला." हे खोटं इतकं सोपं जायचं की तिला त्याची मौज वाटायची. जीभ दाताखाली यावी आणि दुखू नये तशी. ताई मग इकडचं तिकडचं बोलायची, शेजारच्या बाईची नक्कल करायची, भावजी नवीन घरात काठ कुठला तो शोधतायत म्हणायची. धाकटी हसून हसून बेजार व्हायची आणि फोन ठेवला की पुन्हा टबाशी यायची.

कळी उमलली त्या सकाळी धाकटी अनवाणी उभी होती. पिवळं. आतून लोण्यासारखं, मधोमध केशरी, आणि पाणी त्याखाली गच्च काळं. पाकळ्या अशा ताणलेल्या, की बोट लावलं तर टण्ण वाजेल. तिच्या पायांतून काहीतरी सरसर वर आलं. आईच्या बाह्या, आईचा आभाळाकडचा चेहरा, ते 'हं'. आणि फोन वाजला.

"टाकून देते आता ते," ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच, भाजी निवडता निवडता बोलावं तसा. "वास मारायला लागलंय. तुझे भावजी म्हणतात टब उपसा. माझ्या हाताला यशच नाही गं. आई काय, कमळ काय. माझ्या हाती काही जगत नाही. तू आईला तुझ्याकडे नेलं असतंस तर..." मग एकदम, "बरं, दूधवाला आला," म्हणून तिने फोन ठेवला.

धाकटी उभी राहिली. तिच्या कामात अशी वेळ रोज येते, समोर ढीग असतो आणि आकडा सांगायचा असतो. तिला आकडा येईना. ताईने खोडाकडे बघून बघून आईच्या जाण्याचा निकाल स्वतःविरुद्ध लावला होता, आणि तो कागद लिहून दिला होता आपण, लहान तुकडा उचलून. पण गंमत अशी की तिला रडू आलं नाही. उलट पुन्हा तीच छातीतली उडी, त्या गोदामातली, तळ्यातली. फक्त आता ती दुसऱ्या दिशेने मारायची होती. सांगायचं? सांगितलं की ताईचा हात निर्दोष सुटेल, पण मग तळ्याकाठचे ते दाबलेले गाल, रोजचे फोन, शेजारणीची नक्कल, सगळं परत करावं लागेल. ते परत करायची तिची तयारी नव्हती. चोरी कबूल न करता माल जागेवर कसा ठेवायचा? तिने ऑफिसला कळवलं, "पाहणीला जातेय." खोटं नव्हतं.

टोपली वर काढली. उमललेल्या डोळ्याच्या बगलेत एक दुसरा, नखाएवढा डोळा फुटला होता. हा बारका द्यायचा, असं तिने क्षणभर ठरवलं, आणि सुरीही तिथे टेकवली. पण हा बारका धरेल की नाही, धरला तरी वर यायला वर्ष लागेल, आणि ताई तर आजच टब उपसायला निघाली होती. तिने सुरी हलवली आणि मोठ्या डोळ्यामागे काप मारला. पानं छाटली. मग फूल. देठ कापताना सुरीखाली कुरकुर वाजलं. फूल तिने नवऱ्याच्या चहाच्या कपात ठेवलं, आणि बोडका, अगदी नुकता जागा झाल्यासारखा दिसणारा डोळा ओल्या टॉवेलात गुंडाळला. बसमध्ये मांडीवर पाणी गळत होतं. शेजारची बाई म्हणाली, "मासा आहे का?" "हो," धाकटी म्हणाली, "जिवंत आहे."

ताईने दार उघडलं आणि तोंड उघडंच ठेवलं. "कामाच्या दिवशी?" "इकडे पाहणी होती. चहा टाक." ताई आत गेली. अंगणात टबाला लागून खुर्ची, खुर्चीत भावजी, आणि हातात पेपर. "भावजी, ताई हाक मारतेय." "मला ऐकू नाही आली." "दोनदा मारली. चिडलीय." भावजी लगबगीने उठले. धाकटीने बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात घातला. खोड बोटांना लागलं आणि लागता लागताच विरघळलं; आत नुसता लगदा. तिने तो बाजूला सारला, वरची घट्ट साल तेवढी राहू दिली, तिच्याखाली मातीत डोळा तिरपा बसवला, दोन दगड दाबले. तोंड वर झालं होतं. डोळे मिटले होते. खाली काय चाललंय ते तिला बोटांनी दिसत होतं. आणि ती गुणगुणत होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"हे काय?" मागे ताई, कप घेऊन. "हात का घातलास?"

"चाचपून बघितलं. कडक आहे गं आतून. टाकू नकोस. थोडे दिवस बघ."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली, आणि हात झटकून चहा घेतला.

पुढच्या आठवड्यात ती एका पूर आलेल्या छापखान्यात गुडघाभर भिजल्या कागदात उभी असताना फोन आला. ताई ओरडत होती. "पान! पान आलंय! अगं, बशीएवढं! सांगत नव्हते मी? मोठा तुकडाच लागतो त्याला! तू गेलीस मोठेपणा करायला आणि बसलीस कोरडी. तुझ्याला काही आहे?" "नाही गं ताई." हे मात्र खरं होतं, नखाएवढा डोळा मातीत फुगून बसला होता, ढिम्म. "अरेरे," ताई म्हणाली, आणि त्या 'अरेरे'त इतकी खुशी होती की धाकटीला बाहीचं टोक दातात धरावं लागलं. "हात लागतो त्याला हात! आईची सगळी वर्षं काय वाया गेली का माझी? मावशीलाही सांगितलं मी. आता तुला शिकवीन. पुढच्या वर्षी देईन हो एक तुकडा, पण कापणार मीच." मग म्हणाली, "ऐकतेयस ना? का हसतेयस?" "छापखाना बुडालाय ताई," धाकटी म्हणाली, "त्याला हसतेय." फोन ठेवून ती ओल्या गठ्ठ्यावर बसली. छापखान्याचा मालक अदबीने वाकून विचारत होता, किती गेलं असं धरायचं. तिने मनातल्या मनात बेरीज केली. घर घेणाऱ्यांना गाडीला जागा मिळाली. भावजींना ओरडा मिळाला, न मारलेल्या हाकेपायी. ताईला पान मिळालं, हात मिळाला, आणि या जन्मात धाकटीला पुरून उरतील एवढे टोमणे मारायचा हक्क मिळाला. द्यावं यांतल्या कुणालाच काही लागलं नाही. भरलं सगळं धाकटीने. उमललेलं फूल, त्या फुलापाशी मिळालेली आईच्या शेजारची जागा, आणि खरं काय ते कुणाला तरी सांगायची सोय. नुकसान संपूर्ण, दावा नाही.